शिकाऊ पोर ठेवायचं कुणी?

"पोर मी शिकवायचं आणि हात बसला की त्यानं वेर्ण्याच्या मोठ्या कारखान्यांत पळायचं. कशाला ठेवू?" गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत लेथची, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रांची, शेड चालवणाऱ्या भाऊंनी काल फोंड्याच्या सोप्यावर असा थेट सवाल टाकला.

आयटीआयचे मास्तर म्हणाले, "मग करारातच लिहा. शिकाऊ उमेदवारीच्या १९६१ च्या कायद्यात तशी सोय आहे. शिकून झाल्यावर तुमच्याकडेच काम करायचं अशी अट घातली, की पोर बांधलं जातं."

"आणि मी?"

"तुम्हीही. मग त्याला नोकरी द्यावीच लागते."

भाऊ गप्प झाले. दोन्ही बाजूंनी बांधून घ्यायची तयारी कुणाचीच नसते, आणि गाडं अडतं ते तिथंच, असं माझं मत आहे.

तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्याखाली, चार माणसांपर्यंत, मालकाची मर्जी. भाऊंची शेड या मर्जीतली. विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, केंद्राच्या योजनेतून मिळतो, हेही मास्तरांनी सांगितलं. भाऊ म्हणाले, "पैशाचं सोडा. माझा लेथवरचा कारागीर, टर्नर, पोराला दाखवत उभा राहिला की त्याचा जॉब अडतो. तो वेळ कोण भरून देणार?" याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

इतका वेळ ऐकत बसलेले कदंब बसचे ड्रायव्हरदादा मग उसळले. त्यांचा मुलगा एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ होता. "चहा आणला, पत्रे उचलले, झाडू मारला. मापायचा मायक्रोमीटर एकदासुद्धा हातात दिला नाही! आता घरी बसून सरकारी नोकरीच्या जाहिराती बघतो. त्याला काय बोलू मी?"

"दादा, माझ्याकडे एक पोर आलं होतं," भाऊ म्हणाले. "जॉब पकडणारा चक आवळायची चावी चकमध्येच ठेवून मशीन चालू करायला निघालं. ती उडाली असती तर डोकं फुटलं असतं कुणाचं तरी. पहिल्या दिवसापासून मशीन नाही देणार मी."

"नका देऊ. पण टर्नरच्या शेजारी उभं करा, झालेला जॉब मापायला लावा. कुठं चुकला ते सांगा."

भाऊंनी मान हलवली. "मापायला देईन."

मला वाटतं, एकेकट्या मालकाला गळ घालून हे होणार नाही. वसाहतीतल्या चार-पाच शेडवाल्यांनी मिळून पोर्टलवरची नोंदणी, करार, हजेरी यांसाठी एक माणूस ठेवावा. आयटीआयच्या मास्तरांनीही पोर धाडून मोकळं न होता महिन्यातून एकदा शेडमध्ये जाऊन त्याच्याकडून जॉब करून घ्यावा. शिकवायला भाऊंची ना नाही. ते काल स्पष्ट दिसलं.

शेवटी भाऊंनी अट घातली: टर्नरच हवा, आणि निवडायला ते स्वतः फर्मागुढीच्या आयटीआयत येणार. मास्तर लगेच तयार झाले. सावईवेऱ्याची एक मुलगी वर्गात सगळ्यांत सरस आहे, म्हणाले. भाऊंचं संध्याकाळचं काम सुटेपर्यंत तिची शेवटची बस गेलेली असते. भाऊ म्हणाले, "तिला सकाळी लवकर येऊ दे, मी शेड सातला उघडतो." सकाळच्या बसची वेळ ड्रायव्हरदादा आज डेपोत विचारणार आहेत.