खुलासा: टेकडीवरची ती इवलीशी फुलपाखरं 'पिल्लं' नाहीत

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या गवतात नखाएवढी फुलपाखरं दिसतात, त्यांचा फोटो सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. खाली मजकूर: 'ही ब्लू मॉरमॉनची पिल्लं, पावसाळा संपेपर्यंत मोठी होतील.' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर तो तीनदा आला.

फुलपाखराला पिल्लू नसतं. वाढायचं ते सगळं अळी असतानाच. कोशातून बाहेर आल्यावर चुरगळलेले पंख ताणून वाळले, की आकार कायमचा ठरला. अळीला खायला कमी मिळालं तर फुलपाखरू थोडं लहान निघतं, पण नंतर ते वाढत नाही.

फोटोतलं फुलपाखरू ग्रास ज्युवेल आहे, भारतातल्या सगळ्यात लहान फुलपाखरांपैकी एक. पंख पसरले तरी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, बारा-पंधरा सेंटिमीटरचं!

ओळखायचं तर उकिडवं बसा. उभ्यानं काही दिसणार नाही. ते जमिनीलगतच उडतं आणि लगेच बसतं. मिटलेल्या मागच्या पंखाच्या कडेला काळे ठिपके, भोवती केशरी कडं आणि आत हिरवट-निळी चमक, टिकलीवर ऊन पडावं तशी. मादी निळीच्या जातीच्या बुटक्या रानझुडपांवर अंडी घालते. हिरव्या अळीभोवती बहुतेकदा मुंग्या असतात, पण त्या तिला खात नाहीत. तिच्या अंगातून पाझरणारा गोड रस पितात आणि बदल्यात राखण करतात.

तेवढा फॉरवर्ड थांबवा.