खुलासा : पुनर्भरणाइतका उपसा सुरक्षित असतोच असे नाही

‘पावसाचे जेवढे पाणी दरवर्षी जमिनीत मुरते (म्हणजेच जेवढे पुनर्भरण होते) तेवढेच उपसले, तर कोणतेही नुकसान होत नाही’, हे सध्या फिरत असलेले विधान चुकीचे आहे. मुरलेले पाणी जमिनीखाली नुसते साठून राहत नाही. झरे, पाणथळ जागा आणि पावसाळ्यानंतरही वाहणाऱ्या नद्या त्यावरच टिकून असतात. विहिरीतून काढलेले पाणी एकतर साठ्यातून, नाहीतर या प्रवाहांतून किंवा वाढीव पुनर्भरणातून येते, हे अमेरिकी जलशास्त्रज्ञ चार्ल्स थाइस यांनी १९४० मध्येच स्पष्ट केले होते, आणि तरीही हा गैरसमज टिकून आहे, याची खंत वाटते.

युरोपीय संघाच्या २००० सालच्या जलविषयक निर्देशात, म्हणूनच, दीर्घकालीन सरासरी पुनर्भरणातून नद्या व पाणथळ परिसंस्थांना लागणारा प्रवाह आधी वजा केला जातो आणि उरलेले पाणीच उपलब्ध मानले जाते. कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या भूजल कायद्याने जमीन खचणे, समुद्राचे खारे पाणी आत शिरणे आणि भूजलाशी जोडलेले भूपृष्ठावरील प्रवाह घटणे हेही टाळायलाच हवेत असे परिणाम ठरवले आहेत. ही पद्धत इतर देशांना घेता येईल. तेथील आकडे मात्र जसेच्या तसे उचलता येणार नाहीत, कारण प्रत्येक जलधराचा (भूजल साठवणाऱ्या थराचा) खडक आणि साठवणक्षमता वेगळी असते.