मामा, मी आणि सेसना

शनिवारी मला ड्रायव्हरचा चहा मिळाला. कागदी कपात, तोही अर्धा. मामांना कपबशी, शिवाय बिस्किटं. आणि विमान घ्यायला गेलो होतो मी.

म्हणजे आम्ही चौघं मित्र मिळून घेणार होतो. जुनं सेसना १५२, दोन सीटचं. वैमानिकाचं लायसन्स मी हौसेनं काढून ठेवलंय, ते नुसतं कपाटात पडून आहे. शेजारच्या जिल्ह्यात एका धावपट्टीवर असं विमान विकाऊ आहे असं कळलं, तर सौ. म्हणाली, "आमच्या मामांना घेऊन जा, जुन्या वस्तूतलं त्यांना कळतं." मामा पिंपळगावचे द्राक्षबागायतदार. आयुष्यात नवा ट्रॅक्टर घेतलेला नाही. पांढरी टोपी, पांढरा सदरा, बोटात जाडजूड अंगठी. गाडी मी चालवत होतो. एजंटानं एका नजरेत काय तो हिशेब केला.

"शेठ, सिंगल ओनर. फारसं चाललेलंच नाही."

"तास किती झाले?" मामा.

विमानाचं इंजिन तासांवर मोजतात. हा प्रश्न मी नाशिकपासून घोकत आलो होतो. ट्रॅक्टरचंही तसंच असतं हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"मॉडेल?"

"१९७९."

"आमच्या भाचीपेक्षा थोरलं." मामांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. "किती देतं?"

मी घाईनं मध्ये पडलो. "मामा, विमानाचं तसं नसतं. तासाला बावीस-तेवीस लिटर लागतं. वेग ताशी दोनशेच्या आसपास."

मामांनी डोळे मिटून भागाकार केला. "लिटरला आठ-नऊ. बोलेरो तेरा देती, अन् तिच्यात सात माणसं बसत्यात."

एजंट खदाखदा हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुमचे शेठ पक्के आहेत हो!" मामांनी चूक दुरुस्त केली नाही. हे मला अजून डाचतंय.

मग मामांनी चपला काढल्या आणि विमानाखाली शिरले. पोटाच्या पत्र्यावरून तळवा फिरवत एका जागी थांबले. एका रिबिटाभोवती काळसर ओघळ होता. "हे रिबीट रडतंय," म्हणाले. ढिल्या रिबिटाची हीच खूण, पुस्तकात वाचलेली. मला दिसली नव्हती. नंतर डिपस्टिक काढून ऑइल चिमटीत चोळलं, हुंगलं, आणि बोट माझ्या रुमालाला पुसलं.

"चाललं नाही म्हंता ना? मंग इंजिन खोलून दाखवा."

एजंटाचा चेहरा उतरला. न चालवता उभ्या ठेवलेल्या विमानाच्या इंजिनात कॅमशाफ्टवरचं, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यावरचं, ऑइल निथळून जातं आणि गंज धरतो. म्हणूनच तास भरोत न भरोत, बारा वर्षांनी इंजिन ओव्हरहॉल करा, म्हणजे सगळं खोलून दुरुस्त करा, असं बनवणारी लायकमिंग कंपनी स्वतःच सांगते. लॉगबुक, म्हणजे विमानाची नोंदवही, मागितलं तर मधली काही वर्षं कोरी. "तेव्हा विमान विश्रांती घेत होतं," एजंट म्हणाला. पेपर मात्र म्हणे एकदम क्लिअर! सेकंडहँड मोटारसायकल घेतानाही माणूस आरसी बुक बघतो, इथे लॉगबुक मागितलं की आपणच संशयी ठरतो.

परतताना मामांना म्हटलं, बाहेरून मागवावं तर खासगी विमानाला जीएसटी चाळीस टक्के. "आन ट्रॅक्टरला?" पाच. मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघून गालात हसत होते. पेट्रोलचं तर बोलूच नका. त्याला अ‍ॅव्हगॅस लागतं, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल; ते सगळ्या विमानतळांवर मिळत नाही.

आणि ठेवायचं कुठे? नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे, पण ती धावपट्टी एचएएलची, म्हणजे त्या सरकारी विमान कंपनीची. नाशिकमधल्या गांधीनगरची लष्कराची. विमानांचं गाव म्हणून मिरवायचं आणि गावातल्या माणसाच्या दोन सीटच्या विमानाला जागा नाही!

"माझी कांद्याची चाळ रिकामी हाय की," मामा म्हणाले. "पंख किती फूट?"

"तेहेतीस."

"चाळीचं दार पंधराचं." थोडा विचार केला. "ट्रॉलीच्या फळ्या काढतो तसे पंख काढून ठिवू. भाडं मातर एक तारखेला लागंल, जावईबापू. कांदा आला की जागा खाली."