पाकिटातली बाई

दारव्ह्याकडच्या आमच्या खेड्यात ब्लाउजचं माप म्हणजे गिऱ्हाइकाचा जुना ब्लाउज. बाई तो आणून टाकते, म्हणते, "असाच, पण गळा जरासा खाली. आन् सासूले सांगू नको." झालं माप. या भांडवलावर माझं शिलाईकाम बरं चाललं होतं. तेवढ्यात पुण्याच्या भाचीचं रिसेप्शन नागपूरला ठरलं आणि तिला इव्हनिंग गाऊन घालायची हौस आली. भाड्याचा नको, विकतचा नको, मावशीच्या हातचाच पाहिजे. पाठोपाठ कुरिअर: वाइन रंगाचं सॅटिन सहा मीटर, अस्तर पाच, आणि एका परदेशी डिझायनरच्या पॅटर्नचं पाकीट.

पाकीट उघडलं तर आतून पातळ कागद निघतच राहिला. भावाभावांत वाटण्या झालेल्या शेताच्या नकाशासारख्या त्यावर रेघा, एकीत एक घुसलेल्या. शिवाय बाण, खाचा आणि गोल. वेगवेगळ्या मापांचे असे कागदी पॅटर्न अमेरिकेतल्या बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये विकायला काढले. घरोघरच्या बायांचं काम सोपं झालं म्हणतात. भल्या माणसाने माझं घर पाहिलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेलेली, म्हणजे पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. भाव चढल्याशिवाय विकायचा नाही, हे मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, पक्कं. आणि भाव जागचा हलत नव्हता. उरेप, म्हणजे तिरकं, कापायचं सॅटिन घडीवर ठेवून भागत नाही, एकेरी पसरावं लागतं. शेवटी स्वयंपाकघर रिकामं केलं. तरी रुई उडत आलीच. कापसाच्या घरात कापसाचा एक धागा नसलेलं हे पॉलिस्टर, पण रुई अशी ओढून घेत होतं की जिथे हात फिरवावा तिथे पांढरी लव.

"काय करून राहिली व?" सासूबाई दारात. "अकरा मीटर कापड! एक नऊवारी आन् वरून दोन झंपर झाले असते. आन् एवढं करून पोरीची पाठ उघडीच?"

पाठीचं सोडा, खरी अडचण पाकिटातल्या बाईची होती. असे पॅटर्न एका ठरलेल्या बाईसाठी काढलेले असतात. उंची ५ फूट ५ किंवा ६ इंच, छाती बी कपाची. अशी बाई आमच्या तालुक्यात असेलही, पण ती माझी भाची नाही. भाची पाच फुटाला दोन बोटं कमी, आणि बाकी सगळं आमच्या घराण्याचं. त्या बाईची कंबर भाचीच्या पार बुडाशी उतरत होती. "इथे लांबी कमी-जास्त करा" अशा जोडरेघा कागदावर असतात. मी तिथे घड्या घालत सुटले. पाठीत थोडी, मांडीत थोडी, गुडघ्याखाली बरीच. गोऱ्या बाईची उंची उतरवताना बरंही वाटलं. शिवणीबाहेर सोडायची माया मात्र फक्त ५/८ इंच! आम्ही कडेला चांगली दीड इंच ठेवतो. लग्नानंतर पोरगी भरते, बाळंतपणानंतर आणखी भरते. कपड्याने तिला सांभाळून घ्यायला नको?

सॅटिनला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर बघतात. म्हणजे एका गाऊनसाठी दोन गाऊन. आणि अंग तर पुण्यात! भाचीच्या उंचीचं आणि घेराचं गावात एकच माणूस सापडलं, शेजारच्या काकूंचा बारावीतला मुलगा. दार लावायचं आणि कुणाला सांगायचं नाही, या अटीवर तो उभा राहिला. छातीच्या जागी कापूस कोंबला. तेवढा तरी कापूस खपला. मी काखेशी टाचण्या लावते तोच क्रिकेटवाली पोरं चेंडू मागायला थेट मागच्या दाराने आत आली.

उरेप कापणं पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी १९२० च्या दशकात गाजवलं. त्या छोट्या लाकडी बाहुलीवर कापड लावून बघायच्या. शहाण्या बाई. बाहुली लाजत नाही आणि तिचे मित्रही नसतात. ४५ अंशात कापलेलं कापड ताणतं, अंगाला धरून झुलतं. पण कुठे किती ओघळेल याचा नेम नसतो, म्हणून खालची कड मुडपण्याआधी २४ तास टांगून ठेवायचं. मी गाऊन मधल्या खोलीत वाशाला टांगला. शेतातली लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायला मामाजी मध्यरात्री टॉर्च घेऊन निघाले आणि खोलीच्या दाराशीच नजर खाली घालून थांबले. मला हाक मारून हळूच म्हणाले, "पाव्हण्या बाई उभ्या काऊन आहेत व? त्याइले बाज टाकून दे."

रिसेप्शनला भाची झक्क दिसत होती. जो तो विचारी, "कुठून घेतला?" ती डिझायनरचं नाव सांगे. गाऊनची चेन ऐनवेळी दगा देईल म्हणून मी सुईदोरा घेऊन मागेच उभी. जेवणाचं ताट सांभाळत बारावीतला मुलगा माझ्याजवळ आला, भाचीकडे नीट खालीवर पाहिलं आणि कानाशी येऊन म्हणाला,

"काकू, माह्यावर जास्त चांगला बसला होता."