1,200 रुपये कशाचे घेतले: स्विफ्ट डिझेलवाल्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही रिमॅपसाठी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून गाडीची ताकद वाढवायला, आमच्या गॅरेजमध्ये आले होते. नंतर एक स्टार दिला आणि लिहिलं, "रिमॅप करायला गेलो. तीन तास बसवून ठेवलं, शेवटी 'करू नका' म्हणाले आणि वरून 1,200 रुपये घेतले. काम येत नाही तर बोर्ड कशाला लावता?"

आधी माफी मागतो. मे महिन्याची दुपार, परतवाड्याचं ऊन, आमच्या कूलरची मोटर बंद आणि तुम्हाला बाहेरच्या लोखंडी बाकावर बसावं लागलं. सोबत वहिनी होत्या, लहान मुलगी होती. पाणी विचारायला पाहिजे होतं. पोट्ट्यांनी विचारलं नाही आणि मी बोनेटखाली होतो, माझ्याही ध्यानात आलं नाही. ही चूक आमचीच. त्यासाठी स्टार कापला असता तर मी एका शब्दानं बोललो नसतो.

पण "काम येत नाही" आणि "वरून 1,200" हे वाचल्यापासून घास गोड लागत नाही. तुमचं वाचून दोन गिऱ्हाइकांनी फोन केला, "तुम्ही रिमॅप करत नाही काय?" म्हणून. ज्या टूलनं गाडीच्या कॉम्प्युटरची फाइल वाचतो त्याचं पतसंस्थेचं कर्ज अजून फिटून राहिलं आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

1,200 ची गोष्ट तुम्हाला गॅरेजमध्ये पहिल्यांदा कळली नाही. सोमवारी सकाळी तुमचा फोन आला तेव्हाच सांगितलं होतं की आधी गाडी तपासणार, तपासणीचे 1,200 लागतील, आणि रिमॅप केलं तर ते 18,000 मध्ये वळते होतील. तुम्ही "चालते, चालते" म्हणाले. गाडी आली तेव्हा जॉब कार्डवर पहिल्याच ओळीत तेच लिहिलं होतं, त्यावर तुमची सही आहे. वरून काही घेतलं नाही भाऊ. आधी सांगून घेतलं.

आता त्या पैशात काय केलं ते. एअर फिल्टर काढून फरशीवर आपटला तेव्हा त्यातून काळ्या मातीचा ओंजळभर ढीग पडला, तुमच्या डोळ्यांसमोर. मग स्कॅनर लावून अंजनगाव रोडला गाडी नेली. तिसऱ्या गिअरमध्ये 1,500 आरपीएमपासून (इंजिनचे मिनिटाला फेरे) पूर्ण पाय दाबून 3,500 पर्यंत, असं तीनदा केलं. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हवेचा 2,100 मिलीबार दाब मागून राहिला होता आणि मिळून राहिले होते साडेसतराशे. म्हणजे टर्बो हवा भरते आणि ती वाटेतच कुठेतरी निघून जाते. परत येऊन इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची तापलेली हवा निववणाऱ्या जाळीचा, पाइप पाहिला. क्लॅम्पजवळ तेलानं ओला, आणि खालच्या बाजूनं अशी चीर की माझं नख आत गेलं. तुम्हाला वाकून पाहायला सांगितलं होतं, तुम्ही पाहिलंही होतं.

तीन तासांचा हिशेब यातच आला. इंजिन तापलेलं असताना त्या पाइपला हात लावता येत नाही, अर्धा तास निवायला गेला. पाऊण तास तुम्ही माझीच स्कूटी घेऊन बाजारात गेले होते.

पाइपचं फाटलेलं टोक अर्धा इंच कापलं, नवीन क्लॅम्प लावला, फिल्टर हवेनं झटकून बसवला. पुन्हा रोडला नेली तर दाब 2,050 च्या वर. क्लॅम्पचे आणि त्या मजुरीचे पैसे बिलात नाहीत, बिल काढून पाहा. चाबी घेताना "गाडी हलकी वाटून राहिली" हे तुम्हीच म्हणाले होते. रिव्ह्यूत ते आलं नाही, याचं वाईट वाटलं.

आता मुख्य मुद्दा, मी नाही का म्हटलं.

तुमची गाडी 2013 ची, 1,62,000 किलोमीटर झालेली. 1.3 लिटरचं हे इंजिन मारुती, टाटा, फियाट सगळ्यांनी वापरलं, गावोगावी पळते, माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त हेच गेलं. कंपनीतून ते स्विफ्टमध्ये 75 पीएस पॉवर आणि 2,000 आरपीएमला 190 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, देते. रिमॅपमध्ये ईसीयूतले तक्ते बदलतात, कोणत्या आरपीएमला किती डिझेल, टर्बोचा किती दाब, टॉर्क कुठपर्यंत जाऊ द्यायचा, हे सगळं. चांगली फाइल असेल तर पॉवर नव्वद-पंचाण्णवपर्यंत जाते, टॉर्क 230 च्या आसपास. गाडीत फरक जाणवतो, नक्की जाणवतो. मी स्वतः करून देतो. फाइल मी बनवत नाही, हे कोणापासून लपवलं नाही. ओरिजिनल वाचून पुण्याच्या ट्युनरला पाठवतो आणि ओरिजिनलची प्रत गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर देतो.

पण वाढलेला टॉर्क चाकापर्यंत जातो क्लचमधून. तुमच्या गाडीत मी चौथ्या गिअरला 1,800 वर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला तर काटा सरकन तीन हजाराकडे गेला आणि स्पीड होती तिथेच. क्लच आजच घसरून राहिला आहे, 190 वर. त्याला 230 दिले तर किती दिवस टिकेल? दोन वर्षांआधी एका गिऱ्हाइकाच्या आग्रहापुढे मी मान तुकवली आणि असाच क्लच असताना फाइल टाकून दिली. विसाव्या दिवशी रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला, चिखलदऱ्याच्या घाटात गाडी उभी, गाडीत म्हातारी आई, क्लचच्या जळक्या वासानं पोरं ओकून राहिली. टोचन बांधून आणायला मीच गेलो. तेव्हापासून तपासणीशिवाय टूल लावायचं नाही हे ठरवलं. ते 1,200 तिथून आले.

तुम्हाला पाहिजे काय होतं तेही आठवते. पाच माणसं, एसी चालू, आणि चिखलदऱ्याच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी मरते. भाऊ, या टर्बोला अठराशेच्या खाली दमच भरत नाही. तक्ते बदलून थोडा फरक पडतो, पण टर्बो तोच राहतो, लहान होत नाही. वर 1,100 मीटरच्या आसपास हवा विरळ, आणि खाली मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला. तापलेल्या हवेत प्राणवायू कमी, इंटरकूलरही तापलेला. अशा वेळी कंपनीची गाडीही ढेपाळते. त्यात तुमचा दाब साडेतीनशे मिलीबारनं कमी. गाडी घाटात मरत होती ती त्या चिरेमुळे. फाइल टाकली असती तर ईसीयूनं आणखी दाब मागितला असता, टर्बो आणखी फिरला असता आणि हवा त्या चिरेतूनच गेली असती. डिझेल मात्र वाढलं असतं. मग मागून काळा धूर, आणि पीयूसीवाला परत पाठवणार.

खर्चाचं गणित जॉब कार्डाच्या मागे लिहून दिलं होतं. रिमॅप 18,000, आणि क्लच आधी बदलावाच लागेल, सेट आणि मजुरी मिळून दहा हजाराच्या घरात. सकाळी स्टार्ट करताना टायमिंग चेन वाजते असं तुम्हीच सांगितलं, तीही उघडून पाहावी लागेल. शिवाय 2028 ला गाडीला पंधरा वर्षं होतात, पासिंग नव्यानं, पर्यावरण कर वेगळा. विमा कंपनीला रिमॅप कळवावं लागते, नाही कळवलं आणि उद्या काही झालं तर क्लेम अडकू शकतो. अ‍ॅव्हरेज वाढते म्हणतात, ते पाय पहिल्यासारखाच हलका राहिला तर. ताकद आल्यावर पाय हलका राहणारा माणूस मी फार कमी पाहिला. हे सगळं पाहून म्हटलं की क्लच करा, तीन महिने गाडी चालवा, तरीही कमी वाटली तर या, करून देतो. "कधीच करू नका" असं मी म्हटलं नाही.

एक गोष्ट लिहावी की नाही, दोन दिवस विचार केला. तुमच्यासोबतच्या मुलानं मोबाइलवर दाखवलं की पाच हजारात फाइल मिळते, ती टाका आणि ईजीआर (प्रदूषण कमी करायला जळका वायू परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व) बंद करा. मी नाही म्हटलं. तेव्हा तुम्ही माझ्या दोन्ही पोट्ट्यांसमोर म्हणाले, "जमत नसेल तर सरळ सांगा ना." सतरा वर्षं हातात पाना आहे भाऊ. 18,000 घेऊन तुम्हाला सायंकाळी पाठवणं माझ्यासाठी सोपं होतं. त्या दिवशी गल्ल्यात तुमच्या 1,200 शिवाय काहीच नव्हतं. तरी नाही म्हटलं, कारण गाडीत मागच्या सीटवर ती मुलगी बसते.

सुधारणा करू. कूलरची मोटर टाकायला दिली आहे, आली की बसवतो. बसायला आत काही व्यवस्था करायचा विचार आहे. तपासणीचा दर मोठ्या अक्षरात बाहेर लावतो, म्हणजे पुन्हा कोणाचा गैरसमज नको.

तुमचे 1,200 दिवाळीपर्यंत कोणत्याही कामात वळते करून देईन, क्लच माझ्याकडे केला तरी आणि रिमॅप केलं तरी. क्लच दुसरीकडे केला तरी हरकत नाही, फक्त प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सोबतच बदलायला सांगा, नुसती क्लच प्लेट टाकू देऊ नका. एअर फिल्टर झटकलेला आहे, नवीन नाही, पावसाळ्याआधी बदला. आणि मुलीची निळी पाण्याची बाटली बाकाखाली राहिली होती. धुऊन टेबलाच्या खणात ठेवली आहे, इकडे आले की घेऊन जा.