भागाकार बरोबर, वेळ चूक

लंडन-न्यूयॉर्क अंतर साधारण ५,५५० किमी, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणून जवळपास सव्वासहा तास, असा हिशोब विमानप्रवासाच्या वेळेवरच्या एका लेखात मांडलाय. भागाकार बरोबर आहे हो, पण वाऱ्याचं काय? विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो. त्यामुळे तिकिटावर न्यूयॉर्कहून लंडनला जाताना सात तासांच्या आसपास, तर परतताना आठ. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वारा पाठीशी घेऊन एक विमान पाच तासांच्या आत लंडनला टेकलं होतं!

शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतचं रांगणंही धरलेलं असतं. अन् तिकिटावरची वेळ त्या-त्या शहराची स्थानिक असते. उतरण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ थेट वजा केली की घोळ झालाच. मी एकदा केलाय, घ्यायला आलेला माणूस पाच तास ताटकळला.