उडालेले दाते गेले कुठे?

माझ्या १९६६ सालच्या व्होल्वो अ‍ॅमेझॉनच्या इंजिनाचे पुढचे झाकण दीड वर्षात दुसऱ्यांदा उघडले आहे, आणि दोन्ही खेपांना कारण एकच: टायमिंग गिअर, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडाव्यात-मिटाव्यात म्हणून एकमेकांत अडकून फिरणारी दातेरी चाके. पहिल्या वेळी दोष गाडीच्या वयाचा होता, हे मी मान्य करतो. या वेळचा दोष निव्वळ माणसाचा आहे, आणि तो माणूस, म्हणजे आमचा मेकॅनिक, अजूनही मलाच ऐकवतो की जुन्या गाडीत असे व्हायचेच.

का म्हणून व्हायचे? माझ्या गाडीतले बी१८ हेच इंजिन असलेल्या १९६६ सालच्या एका पी१८०० ने, म्हणजे व्होल्वोच्याच दुसऱ्या गाडीने, २०१३ साली तीस लाख मैल पूर्ण केले. अर्व्ह गॉर्डन यांची ती गाडी काही नवसाने चालत नव्हती, ते तिची निगा राखत होते. या इंजिनात टायमिंगसाठी साखळी नाही की पट्टा नाही. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा आणि कॅमशाफ्ट म्हणजे झडपा उघडणारा दांडा; क्रँकशाफ्टवरचा पोलादी गिअर कॅमशाफ्टवरच्या दुप्पट दात्यांच्या फायबर गिअरला थेट फिरवतो. फायबर घातले ते आवाज कमी व्हावा म्हणून, आणि वर्षानुवर्षे उष्णता खाऊन ते ठिसूळ होऊन एके दिवशी त्याचे दाते उडतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. माझे उडाले तेव्हा गाडी चालता चालता बंद पडली, आणि स्टार्टर मारल्यावर इंजिन इतके हलके, इतके भराभर फिरले की कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) उरले नसल्याचे कानालाच कळले. दुखणे जुने आहे आणि त्यावरचा इलाजही रीतसर लिहून ठेवलेला आहे.

आमच्या मेकॅनिकने काय केले? फायबरचा गिअर तेवढा बदलला आणि जोडीचा पोलादी गिअर ‘चांगला दिसतो’ म्हणून तसाच ठेवला. दिसतो! ज्या कामात दात्यांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते, तिथे नुसत्या नजरेने निकाल देणाऱ्याला काय म्हणावे? तो गिअर आता माझ्या हातात आहे, आणि दात्याच्या एका अंगावरून नख फिरवले तर चक्क पायरी लागते. असल्या दात्यांनी नवे फायबर करवतीसारखे खाल्ले. झाकणामागून येणाऱ्या आवाजाची तक्रार मी तीनदा केली आणि तीनही वेळा ‘नवा गिअर आहे, रुळेल हळूहळू’ एवढेच उत्तर मिळाले.

बरे, पहिल्या वेळी उडालेले दाते गेले कुठे, हा प्रश्न तरी पडावा की नाही? ते ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यात, पडतात, दुसरीकडे जाणार कुठे! पण चेंबर काढायचा तर इंजिन थोडे उचलावे लागते, म्हणून तो उघडलाच नाही. या वेळी मी स्वतः उतरवला. तेलाच्या पंपाच्या जाळीवर तपकिरी चुरा थापलेला होता आणि त्यात तीन अख्खे दाते रुतून बसले होते. ऑइल प्रेशर कमी का दाखवते, असे मी विचारले होते तेव्हा या महाशयांनी प्रेशरचा सेन्सर बदलून दिला होता. गिअरवर तेल उडवणारी छोटी नळी काजळीने बुजलेली होती, ती वेगळीच.

याहून संताप आणणारी गोष्ट म्हणजे हातोडा. हा गिअर नट आवळत ओढून बसवायचा असतो. ठोकला तर कॅमशाफ्ट मागे सरकते आणि ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाच्या, मागच्या टोकाची सीलची चकती निसटू शकते. माझी निसटली. गिअरच्या मधल्या भागावर हातोड्याचे व्रण अजून स्पष्ट दिसतात, आणि मागून होणाऱ्या तेलगळतीचे खापर मात्र इतके दिवस क्रँकशाफ्टच्या सीलवर फुटत होते.

काल क्रँकशाफ्ट ज्यात फिरते त्या बेअरिंगचे एक कवच काढून पाहिले. वरचा मऊ थर झिजून खालचे तांबे दिसू लागले आहे, म्हणजे आता क्रँकशाफ्ट उतरवणे आले. संध्याकाळी त्याच मेकॅनिकचा फोन आला. झाकण उघडलेच आहे तर नवा फायबर गिअर तेवढा बसवून देतो, म्हणाला.